खुर्दा

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. शेवटी गावातल्या एका कामाबद्दल बोलायचंय, आणि ते रविवारच्या आत झालं नाही तर पुन्हा बोलायची गरजच उरणार नाही. पण तिथवर जायला पानिपतावरून जावं लागतं. चहा घेऊन बसा.

सोमवारी संध्याकाळी देवळाचं काम कुठवर आलंय ते बघायला गेलो होतो. मारुतीच्या पाराच्या मागं पाच वीरगळ होते, आठवतायत ना? आपण सगळ्यांनी लहानपणी त्यांच्यावर बसून चिंचा खाल्ल्यात. लोकांनी त्यांच्यावर गोधड्या वाळत घातल्यात, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग फासलाय. ते पाचही दगड उपटून मुरुमाच्या ढिगाशेजारी आडवे टाकलेले. एकाचा वरचा, चंद्र-सूर्याचा कोपरा उडालाय. घाव ताजा आहे. जेसीबीवरच्या पोराला विचारलं, "यांचं काय करणार रे?" तो सरळ म्हणाला, "काका, एवढे मोठे पायात बसत नाहीत. ब्रेकर लावून खुर्दा करायचा आणि भरावात टाकायचा."

पोराचा दोष नाही. त्याला सांगितलंय ते तो करणार. पण तो 'खुर्दा' शब्द डोक्यात बसला.

सोबत भाचा होता. कॉलेजला आहे. हल्ली त्याचं वाचन, बघणं सगळं त्या मध्ययुगीन ढंगाच्या कल्पित लढायांचं. त्यातही राजपुत्र आणि उडते ड्रॅगन नकोत त्याला. चिखलातून चालणारी, उवा झालेली, पगार थकलेली, आणि कुठल्यातरी सरदाराचा डाव साधावा म्हणून मुद्दाम मरायला पाठवलेली एखादी तुकडी हवी. येताना वाटेत म्हणाला, "मामा, आपल्याकडे का नाही असं कुणी लिहीत? ज्यांना खर्चायलाच आणलंय त्यांच्याबद्दल?"

म्हटलं, लिहिलंय की. एका सावकारानं लिहिलंय, एका शब्दात.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे भाऊंच्या मदतीला म्हणून उत्तरेकडं निघालेले, नर्मदा ओलांडून पुढं गेलेले. पानिपतहून औरंगाबादेला निघालेला एक सावकारी कासीद वाटेत त्यांना सापडला. त्याच्याजवळचं पत्र फोडलं. आत व्यापाऱ्याची भाषा: दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद लागत नाही, अशा अर्थाचा मजकूर. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. रुपये म्हणजे बऱ्यापैकी मानकरी, पथके. आणि खुर्दा?

खुर्दा म्हणजे सुटी नाणी. तांबं. आपल्या गावाच्या नावापुढं जे 'खुर्द' लागतं तेच मूळ, फारसीतलं, म्हणजे लहान. नदीपलीकडचं बुद्रुक, अलीकडचं आपलं खुर्द. शाळेत हे पत्र शिकवलं तेव्हा गुरुजींनी मोत्यांची नावं पाठ करून घेतली, मोहरांपैकी पाच-सहा पाठ करून घेतल्या. खुर्द्यावर प्रश्न आला नाही. आणि पत्राची गंमत अशी की, सावकारानं काही वाईट लिहिलेलं नाही. हिशोबी माणूस तो. जे मोजता येतं ते मोजलं, जे येत नाही ते येत नाही म्हणून कबूल केलं. आपण पुढं अडीचशे वर्षं तेवढंही केलं नाही.

तर हा खुर्दा कोण होता?

फौजेतला साधा स्वार दोन प्रकारचा. एक बारगीर, त्याचं घोडं सरकारचं किंवा सरदाराच्या पागेचं. दुसरा शिलेदार, तो स्वतःचं घोडं घेऊन येतो. शिवकाळातले पगार ग्रँट डफनं दिलेत: बारगिराला महिना दोन ते पाच होन, शिलेदाराला सहा ते बारा. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. माणूस तोच, तलवार तशीच, मरण तेच. मधला जो फरक आहे, चार ते सात होनांचा, तो घोड्याचा. म्हणजे पगारपत्रकात घोडं माणसापेक्षा महाग. पेशवाईत मोहिमेआधी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम मिळायची तिला नाव होतं नालबंदी. उचल माणसाची, नाव घोड्याच्या नालेचं!

हसण्यासारखं आहे, पण यातच सगळं होतं. शिलेदाराचं घोडं हे त्याचं भांडवल. बहुतेकदा कर्ज काढून घेतलेलं, कधी जमीन गहाण टाकून. लढाईत घोडं पडलं तर भरपाई मिळाली तर मिळाली, नाहीतर गडी पायउतार होऊन घरी आणि दारात सावकार. म्हणून शिलेदार घोडं जपायचा. लांबून पळवायचा, वेढायचा, रसद तोडायचा. तोफांच्या तोंडावर सरळ घालायला त्याचा जीव व्हायचा नाही. याला काही इंग्रज लेखकांनी भित्रेपणा म्हटलंय. आपल्याकडचे काही विद्वान त्याला गनिमी काव्याचं तत्त्वज्ञान म्हणतात. मला विचाराल तर निम्मं तरी ते कर्जाचं गणित होतं. आज ज्याच्या टेम्पोवर फायनान्सचा हप्ता आहे तो घाटात कसा चालवतो, बघा.

आणि हे स्वार तरी फौजेतले वरचे. त्यांच्या मागं मोतद्दार, भिस्ती, माहूत, हमाल, तंबू ठोकणारे, लोहार, चांभार, धान्याचे तांडे घेऊन चालणारे बंजारे, दाणावैरण आणणारे, स्वयंपाकी. पानिपताच्या वेळी तर उत्तरेची तीर्थं घडतील म्हणून निघालेली बायका-माणसंही. या सगळ्यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, बाजारबुणगे. आज तो शिवीसारखा वापरतो आपण. भाऊंनी बुणगे नेले म्हणून पानिपत झालं, असं पारावरचा कुणीही सांगेल. नेले हे खरं, आणि ते ओझं झालं हेही खरं. पण त्यांना नेणारे कोण, न्यायचं ठरवलं कुणी, याचा जाब कधी बुणग्यांच्या मालकांना विचारलेला मी ऐकला नाही.

मार्च १७६० मध्ये फौज परतूरहून निघाली. ऑगस्टात दिल्ली हाती आली, पण तिजोरी रिकामी. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली, सुमारे नऊ लाखांची म्हणतात. त्यातून पगार भागवले. एवढ्या मोठ्या फौजेला ते किती दिवस पुरणार? मग कुंजपुरा घेतला, धान्य मिळालं. तेवढ्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि घरची वाट अडवली. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारीपर्यंत, म्हणजे अडीच महिने, फौज पानिपतच्या खंदकात. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशा संपली.

या अडीच महिन्यांबद्दल जो माणूस डोळ्यांनी पाहून लिहितो तो समोरच्या छावणीतला आहे. काशीराज पंडित. दक्षिणी माणूस, नोकरी शुजाउद्दौल्याची. लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी त्यानं फारसीत हकीकत लिहिली, जेम्स ब्राउन नावाच्या इंग्रजानं ती भाषांतरित केली. त्याचे आकडे फुगलेले आहेत, ते मी धरून बसत नाही. पण त्यातले दोन प्रसंग खुर्द्याचे आहेत.

पहिला. थंडी, चुलीला सरपण नाही. एका रात्री छावणीतले नोकरचाकर, काशीराज वीस हजार म्हणतो, लाकडं तोडायला बाहेर पडले. वीस हजार नसतील, दोन हजार म्हणा. हातात कोयते, कुऱ्हाडी, बाकी काही नाही. अब्दालीचा सरदार शहापसंदखान पाच हजार स्वारांनिशी गस्तीवर होता, त्यानं त्यांना घेरलं आणि कापून काढलं. मराठी छावणीतून मदतीला कुणी आलं नाही. सकाळी दुराण्यांच्या छावणीतले लोक बघायला गेले तर प्रेतांचा डोंगर झालेला. हा प्रसंग आपल्याकडच्या भाषणांत, पोवाड्यांत मी कधी ऐकला नाही. सरपण आणायला गेलेल्यांवर कोण पोवाडा रचणार!

दुसरा. दिल्लीहून खजिना आणायचा होता. गाडे पाठवले तर लुटले जातील, म्हणून स्वारांच्या जवळ रुपयांच्या थैल्या वाटून दिल्या आणि रात्रीच्या अंधारात पाठवलं. वाट चुकली. समोर शेकोट्या दिसल्या, आपलीच छावणी समजून आत शिरले आणि मराठीत हाका मारायला लागले. छावणी अब्दालीची होती. मराठी ऐकली आणि दुराण्यांनी चहूबाजूंनी घेरलं. माणसं कापली, थैल्या घेतल्या. आपण मराठी भाषेचे एवढे दिवस साजरे करतो. ती तोंडात होती म्हणून मेलेल्यांचाही एखादा दिवस हवा होता, असं मनात येऊन जातं.

त्या थैल्या गेल्या आणि गारद्यांचा पगार राहिला. इब्राहिमखान गारद्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल, फ्रेंच पद्धतीनं कवायत केलेली त्याची पायदळ पलटण, तेलंगे बरेच त्यात. हे लोक पगाराच्या तारखेला पक्के. त्यामुळं छावणीत त्यांच्याबद्दल कुरकुर असायची. आपल्या शिलेदारांचे महिनोन्‌महिने थकलेले आणि या भाडोत्री लोकांना रोख! लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडं गेला आणि बोलला ते काशीराजानं नोंदवलंय. त्याचा आशय असा, की मी माझ्या माणसांच्या पगारासाठी तगादा लावायचो म्हणून आपण माझ्यावर नाराज असायचात. या महिन्यात तर खजिना लुटला गेला, आम्हाला काहीच मिळालं नाही. पण असो, आज माझं कर्तव्य मी बजावतो. आणि बजावलं. त्या दिवशी रोहिल्यांची फळी फोडली ती या विनापगारी भाडोत्र्यांनी. जिंकायच्या घाईनं आपलेच काही स्वार गोल मोडून त्यांच्या बंदुकांच्या पुढं घुसले आणि मारा बंद पडला, असंही सांगतात. संध्याकाळपर्यंत गारद्यांच्या पलटणी जवळपास संपल्या. खान स्वतः जखमी होऊन सापडला आणि त्याला मारून टाकलं. तो मोहरांमध्ये धरला गेला. त्याची माणसं खुर्द्यात. पगार तसाच बुडाला असणार, मागायला कोण उरलं होतं.

आदल्या रात्री छावणीत उरलंसुरलं धान्य वाटलं होतं, सगळ्यांनी एकदा तरी पोटभर खावं म्हणून. सकाळी विडे वाटले. तोंडाला, हाताला हळद माखली आणि पागोट्यांचे शेव सोडले. म्हणजे आता परत यायचं नाही. भाच्याला जादू कमी असलेली गोष्ट हवी होती ना, तर तिच्यात जादू एवढीच. हळद, दंडातला ताईत, कुणाच्या तरी कमरेला जेजुरीचा भंडारा असेल.

(जाता जाता, त्या दिवशी संक्रांत होती असं दरवर्षी फॉरवर्ड येतं. नव्हती. त्या काळी संक्रांत आजच्यापेक्षा काही दिवस आधी यायची, ती होऊन गेली होती. 'संक्रांत कोसळली' म्हणायला ठीक आहे, पण पंचांग तसं म्हणत नाही.)

लढाईच्या दुसऱ्या दिवसाचं मी लिहिणार नाही. काशीराज चाळीस हजार कैदी सांगतो, त्यातले सहा-सात हजार शुजाच्या छावणीत आसऱ्याला गेले, त्यानं आपले पहारे बसवून त्यांना वाचवलं. बाकीच्यांचं काय झालं ते ज्याला वाचायचंय त्यानं त्याच्या हकीकतीत वाचावं. जे सुटले ते पायी निघाले. इथून पानिपत दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे. अंगावर कपडा नाही, वाटेत लुटारू आणि चिडलेले गावकरी. सुरजमल जाटानं आपल्या मुलखात आलेल्यांना अन्न, कपडा, वाटखर्च दिला म्हणून कितीतरी पोहोचले. हरियाणातला रोड समाज आजही स्वतःला तिथंच राहून गेलेल्या मराठ्यांचे वंशज मानतो. अभ्यासकांत त्यावर वाद आहे, मला त्यात पडायचं नाही. पण खुर्द्यावर हक्क सांगणारी ती एकच जागा दिसते मला.

आणि खुर्द्यातलं एक नाव मात्र वाचलं. राणेखान. भिस्ती होता, पखालीतून पाणी वाहणारा. महादजी शिंदे पायाला भयंकर जखम होऊन पडले होते, त्यानं त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडं आणलं. महादजींनी त्याला भाऊ मानलं. पुढं हाच राणेखान शिंद्यांच्या फौजेचा सेनापती झाला, आणि १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या पारिपत्यावर गेलेल्या फौजेचं नेतृत्व त्यानं केलं. म्हणजे बादशहाचे डोळे काढणाऱ्याला पकडायला गेला तो पानिपतातला एक बाजारबुणगा. पण त्याचं नाव राहिलं कारण त्याच्या बैलावर एक मोहर होती. त्या दिवशी दुसऱ्या कुणा भिस्त्यानं दुसऱ्या कुणा बारगिराला खांद्यावर घेतलं असेलच की.

आता कुणीतरी खाली लिहिणार, की दादा, तुम्ही फार गहिवरलात, हे लोक काय साधुसंत होते का? नव्हते. पगार महिनोन्‌महिने थकला की स्वाराचं पोट मुलखावर भरायचं. बंगालात 'बर्गी' म्हणजे आपला बारगीरच, आणि तिथल्या आया त्याचं नाव घेऊन पोरं निजवायच्या. पेंढाऱ्यांना तर पगारच नव्हता, लुटीची मोकळीक हाच पगार, त्यातला वाटा वर द्यायचा. ज्याला सरकार खर्चाचा माणूस समजतं तो समोरच्या कुणब्याला तसंच समजतो, बाकी काय होणार. महाराजांनी हे ओळखलं होतं. चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेलं त्यांचं पत्र आपण 'भाजीच्या देठाला हात लावू नका' एवढ्यासाठीच सांगतो. नीट वाचलं तर त्यात आधी काळजी आहे ती दाणावैरणीची. आताच उधळलं तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेला लुटाल, मग मोगल बरा असं रयत म्हणेल. चांगुलपणाच्या उपदेशापेक्षा तो व्यवस्थेचा हिशोब आहे.

आणि माणसांचा हिशोबही होता त्या काळात. सभासद बखरीत अफजलखानाच्या प्रकरणानंतरचं वाचा. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, ज्याला मुलगा नाही त्याच्या बायकोला अर्ध वेतन चालू केलं, जखमींना जखम बघून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. वध कसा झाला, वाघनखं कुठल्या हातात होती, यावर आपण डोकी फोडतो. लढाई संपल्यावर कारकून जखमा मोजत फिरला, हे मला जास्त मोठं वाटतं. पेशवाईतही बालपरवेशी म्हणून नेमणुका होत्या, लढाईत पडलेल्याच्या पोराबाळांसाठी. म्हणजे रीत माहीत नव्हती असं नाही. पण बालपरवेशी मिळायला कुणीतरी सांगावं लागतं की अमका पडला, मी पाहिला. पानिपतात सांगणारा आणि पडलेला एकाच ढिगात.

पार्वतीबाईंचं तुम्हाला माहीत आहे. भाऊंचं शव ओळखलं गेलं की नाही, यावर त्यांचा विश्वास बसला नाही. १७८३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी कुंकू पुसलं नाही. पुढं भाऊंचा तोतया उभा राहिला, राज्यात दोन तट पडले, चौकश्या झाल्या, १७७६ मध्ये त्याला मारलं. एका मोत्याच्या जाण्याची खातरजमा करायला पंधरा वर्षं अख्खं सरकार राबलं. मग या पंचक्रोशीतून गेलेल्या एखाद्या शिलेदाराच्या बायकोनं काय केलं असेल? कुंकू ठेवलं की पुसलं? ठेवलं तर किती वर्षं? सावकाराला काय सांगितलं? तिच्या दारात तोतया कधी आला नाही. खुर्द्याचा तोतया होऊन मिळणार काय, कर्ज?

इथं मला वीरगळ आठवतात. ते पानिपताचे नव्हेत, फार आधीचे, बहुतेक यादवांच्या किंवा त्याही आधीच्या काळातले. कर्नाटकात अशा दगडांवर खूपदा लेख असतो, आपल्याकडे क्वचित. नाव नसतंच. पण वाचायचं कसं ते सोपं आहे, पोरांना घेऊन जा आणि दाखवा. खालच्या चौकटीत माणूस आडवा पडलेला. त्याच्यावर लढाई, आपल्या पाचपैकी दोघांत गाई आहेत, म्हणजे गोधन पळवायला आलेल्यांशी झुंजताना मेला. त्याच्यावर अप्सरा त्याला उचलून नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. तिथं कुणीतरी राजानं खर्च केला असेल. आपल्यासारख्या खुर्द गावात कुणी केला? गावानंच केला असणार. दगड आणला, पाथरवटाला धान्य दिलं, आणि ढोरांमागं मेलेल्या एका माणसाला देवासमोर बसवलं. सावकाराला मोजता आलं नाही ते एवढ्याशा गावानं एक-एक करून मोजलं होतं. पाच.

भाच्यानं परवा सकाळी पाचही दगडांचे फोटो काढले, उंची-रुंदी मोजली. सगळ्यात मोठा साडेचार फूट आहे. चौथ्या दगडावर शेंदराचे थर होते, ते त्यानं खरवडले नाहीत, तसेच ठेवलेत. त्या दगडाला आपल्याकडची दोन घरं अजून लग्नात नारळ देतात, त्यांना विचारून मगच काय ते करू.

देवळाच्या कामाला माझा विरोध नाही, वर्गणी मी दिलीय, पावती आहे. काम करणाऱ्यांशी काल बोललो. त्यांचं म्हणणं, दगड ठेवायला जागा नाही आणि हलवायला माणसं नाहीत, सोमवारी पाया भरायचाय. ठीक आहे. शाळेच्या कुंपणालगत, पिंपळाखाली जागा आहे. हेडमास्तरांशी बोलणं झालंय, त्यांची ना नाही. रविवारी सकाळी सात वाजता पाराजवळ जमू. ट्रॅक्टर आणि ट्रॉली माझी, डिझेल माझं. साखळदंड, दोन पहारी आणि खाली घालायला जुनी पोती लागतील. पोती भरपूर आणा, नाहीतर ट्रॉलीत दगडाला दगड घासेल. कोपरा उडालेल्याचा तुकडा मुरुमात सापडला तर बाजूला काढून ठेवा, काळा आहे, तळहाताएवढा, त्यावर अर्धा चंद्र आहे.

आठ-दहा जण तरी हवेत. जे येणार त्यांनी खाली नाव लिहा.